बोळकं

त्या उन्हाळ्यात भाऊ बातुमीला गेला, समुद्रावर,
आणि मी दमानिसीला, दगडांवर.
माझा कान फुटलेला, पाणी वर्ज्य.
शिवाय नतेला बाईंनी सुट्टीचा अभ्यास दिला होताच:
आपल्या देशाचा प्राचीन इतिहास. दोन पानं. चित्रासह.

चित्र मी निघण्याआधीच काढून ठेवलं होतं.
झाडाला टांगलेली सोन्याची लोकर,
खाली पेंगणारा अजगर.
पिवळा खडू त्यातच संपला.
आता फक्त राजाचं नाव हवं होतं.

लामारा मावशी तिथे उत्खननावर कामाला.
नखांना मातीची किनार, लग्नातसुद्धा होती म्हणे.
घरी तिचे सासरे, शाल्वा आजोबा,
तोंडाचं पार बोळकं झालेलं.
पावाचा मऊ गर दुधात कुस्करून
त्यांना चमच्याने भरवायचं काम माझ्या वाट्याला आलं.
मी भिंतीकडे बघत भरवायचे.
हनुवटीवरून ओघळ आला
तर कॅलेंडरवरचे वार वाचायचे.

सकाळी चाळणी.
दोन नद्या खूप खाली, ऐकू येतील इतक्याच,
वर काळा कातळ आणि गांधीलमाश्या.
पहिल्या दिवशी मला खिळा सापडला.
तो गेल्या वर्षीच्या तंबूचा निघाला.
चौथ्या दिवशी तांदळाएवढा एक दात,
उंदराच्या कुठल्याशा पूर्वजाचा.
मावशीने तो काडेपेटीत ठेवला, वर नंबर टाकला,
आणि मला त्या दिवशी चाळणी धुवायची माफी मिळाली.

"इथला राजा कोण होता?"
"राजा नव्हता."
"मग राज्य कुणाचं?"
"तेही नव्हतं."
"पण ते आपले होते ना?"
मावशी बाटलीतलं पाणी बराच वेळ पीत राहिली.
"तेव्हा या नदीलाही नाव नव्हतं, तेकले.
आपलं म्हणायला इथे कोणी आलंच नव्हतं अजून."

मग बुटांच्या खोक्यातून तिने एक कवटी काढली,
प्लास्टरची, नक्कल.
खरी तिबिलिसीला, काचेमागे.
अठरा लाख वर्षं, म्हणाली.
मी धुळीत बोटाने शून्यं काढली,
पाचच झाली. एवढीशी वाटली.
"जबड्यावरून बोट फिरव."
गुळगुळीत. खाचा नाहीतच.
"दात पडले, मग खाचा हाडाने भरून आल्या.
त्याला वर्षं लागतात.
आणि मेलेल्याचं हाड भरून येत नाही."

पर्यटकांना हे सांगून सांगून
तिच्या दातांच्या कण्या झाल्या होत्या,
पण मला तिने पुढचं सांगितलं नाही.
खोकं बंद करून ती चाळणीकडे गेली.

पुढचं मी परतीच्या वाटेवर केलं, एकटीने.
चमचा नाही. भांडं नाही.
दूध कुठलं? गाय बांधायची अक्कल कुणाला होती?
रात्री सुऱ्यांएवढ्या सुळ्यांचे वाघ.
आणि हा बसलाय, तोंड मिटून.
कुणी दगडाने मांस ठेचून दिलं?
कुणी आपल्या तोंडात चावून?
की हाडातला मऊ मगज त्याच्यासाठी राखून?
मी मावशीला गाठून विचारलं.
"माहीत नाही," ती म्हणाली.
"कदाचित कोणीच नाही. एकटाच चिवट असेल."

त्या रात्री वीज गेलेली.
कॅलेंडर दिसत नव्हतं.
मी पहिल्यांदा तोंडाकडे बघून भरवलं.
मेणबत्तीत हिरड्या ओल्या, गुलाबी,
नदीतल्या गोट्यांसारख्या.
आजोबांनी चमचा सोडून माझं बोटच धरलं हिरडीत,
गंमत म्हणून. चांगलंच कळवळले मी.
आणि ते दात नसताना दात काढून हसले.

सप्टेंबरात बाईंनी वहीवर तांबड्या शाईने लिहिलं:
चित्र सुंदर. मजकुराशी संबंध काय?
राजाचं नाव राहिलं.

पण त्याआधी, घरी पोचले त्या दिवशी,
भाऊ दारातच उभा होता, काळाठिक्कर,
खिशात शिंपले खुळखुळवत.
"तू काय आणलंस?"
मी बोट पुढे केलं.
वळ केव्हाच गेला होता.